ऐकल्या दिवशी

टेबेथ महिना, राजाचं एकोणिसावं वर्ष

रफाया यांस, बाबेलच्या मुलखातल्या खबार कालव्याकाठून हमूटलकडून.

"माझा लेक बोलत नाही, म्हणून तो ऐकत नाही असं समजू नकोस." लग्नाचे सात दिवस संपले त्या सकाळी तुमच्या आईने मला हे सांगितलं. आम्ही दोघी सातू दळत होतो. मी नवी होते, मला वाटलं ही लेकाची स्तुती चालली आहे. पुढे त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं संसार केला.

तुम्ही यरुशलेमला गेलात त्याला बारा वर्षं झाली. दर वसंतात तांड्याबरोबर माझं पत्र गेलं. दर हिवाळ्याच्या तोंडाशी तांडेवाला शब्बथय परत आला, आणि त्याने गाढवावरचं ओझं उतरवायच्या आधी मी त्याला गाठलं. त्याचं उत्तर मला पाठ आहे. "दिलं, वहिनी. वाचून दाखवलं. सगळं ऐकलं त्याने." काही म्हणाले का? "मला प्यायला पाणी दिलं." म्हणजे तुम्ही काही म्हणाला नाहीत.

या वेळी पत्र लवकर सुरू केलं आहे. तांडा वसंतात वल्हांडणाच्या सणानंतर निघेल, पण माझी बोटं थंडीत आखडतात, एका बैठकीत फार होत नाही. कातड्याचे तुकडे माझ्या बापाच्या पेटीतले आहेत. तो लेखनिक होता म्हणून मला अक्षर तरी आलं. शाई मात्र मी काजळी घोटून केली आहे, शब्बथय अडखळला तर त्याला दिव्याजवळ बसवा.

एक गोष्ट सांगायची आहे. ती तुम्ही ऐकलीत की त्या दिवसाच्या सूर्यावर सगळं अवलंबून राहील. म्हणून आधी बाकीचं सांगते.

भर उन्हाळ्यात, आब महिन्यात, निप्पूरच्या बाजारातून बातमी आली, की तिकडे यरुशलेमच्या वेशी जाळल्या आणि एका वेशीची जळती तुळई अंगावर पडून रफाया नावाचा माणूस मरायला टेकला आहे. आपल्या गावातून वर गेलेला रफाया एकच. मी रडले नाही. पीठ भिजवून ठेवलं होतं, त्याच्या भाकरी भाजल्या. मग हिवाळा लागताना, मार्हेश्वानात, शब्बथय आला आणि म्हणाला, जिवंत आहे, काठी घेऊन चालतो.

"कुठला पाय?" मी विचारलं.

"डावा."

मग मी आत गेले आणि गरज नसताना कांदे चिरत बसले.

शब्बथय म्हणतो तुम्ही एकटेच राहता. तिथे परक्या जातीच्या बायका केलेल्यांना त्या सोडायला लावल्या, हे आम्ही इथे ऐकलं होतं. तुम्ही सोडलीत, की केलीच नव्हतीत, हे मी त्याला विचारलं नाही. विचारणार होते.

टेबेथ, महिना संपताना

आपली तिरसा बरी आहे.

सतराची झाली. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्या कमरेलाही लागत नव्हती. तुमचा चेहरा तिला आठवत नाही, हात आठवतात म्हणते. खरोखर आठवतात, की मी सांगितलेले आठवतात, कोण जाणे. माझ्यासारखी बडबडी नाही आणि तुमच्यासारखी मुकीही नाही. मापून बोलते. पण एकदा बोललं की मागे घेत नाही, आणि हे तिला माझ्याकडून आलेलं नाही.

शेजारच्या बासमथचा धाकटा तुम्हाला आठवणार नाही, तुम्ही गेलात तेव्हा तो नाक पुसत फिरायचा. याशूब. आता खजुरीवर त्याच्यासारखा चढणारा या कालव्यावर दुसरा नाही. वसंतात नर झाडाचा मोहोर मादीच्या घोसात बांधायला सगळे त्यालाच बोलावतात. वर चढला की खाली उतरेपर्यंत तोंड बंद नाही. गेल्या वसंतात आपल्या झाडांवर होता, तिरसा खाली दोर धरून उभी होती.

"याशूब, मोहोर बांधतोयस की गाऱ्हाणं सांगतोयस?" मी शेतातून ओरडले.

"झाडाला लाज वाटू नये म्हणून बोलतोय, मावशी! दोघांची ओळख ना देख, एकदम गाठच मारायची म्हणजे!"

तिरसा हसली ती दोर सुटेपर्यंत हसली. वरून तो बोंबलायला लागला.

संध्याकाळी मी तिला विचारलं, याच्यात काय पाहिलंस एवढं?

"आई, तो बोलतो," ती म्हणाली. "दुखलं तर दुखलं म्हणतो. राग आला तर राग आला म्हणतो. मला अंदाज बांधत बसावं लागत नाही."

तुम्हाला लागेल हे, पण ती असंच म्हणाली, आणि मला ते फार बरं वाटलं.

तुम्ही जिवंत आहात हे कळल्यावर, त्याच महिन्यात, आम्ही सोयरीक पक्की केली. बासमथने तिच्या हातात चांदीचं कडं घातलं. गावचे वडील म्हणून अहीकामकाकांनी आशीर्वाद दिला. तुम्हाला विचारलं नाही. विचारून उत्तर यायला पुढचा हिवाळा उजाडला असता, आणि उत्तर आलं नसतं.

ते कडं आता बासमथच्या घरी परत गेलं आहे. आज हात चालत नाही.

शेबाट महिना

पावसाचे दिवस. कालव्याचं पाणी गढूळ आहे. दोनदा लिहायला बसले आणि उठले. आता लिहितेच.

आबातली ती बातमी आली तेव्हा आम्ही कालव्यावर धुणं धूत होतो. तिरसा उठली. हात ओले, तसेच वर केले, पश्चिमेकडे तोंड केलं आणि मोठ्याने नवस बोलली. बाबा वाचले तर मी यरुशलेमला जाईन. देवाच्या घराच्या दाराशी सेवेला राहीन. जन्मभर लग्न करणार नाही.

धुणं धुणाऱ्या सगळ्या बायकांनी ऐकलं. मी ऐकलं. आता तुम्ही ऐकलंत.

उठू नका. पुढचं ऐका. वेळ आहे, मी तो राखून ठेवला आहे.

मी तिथल्या तिथे हातातलं कापड टाकलं आणि म्हटलं, "मी ऐकलं, आणि मी मना करते. हा नवस माझ्या घरात चालणार नाही." घरातल्या पोरीने नवस बोलला आणि घरच्या मोठ्याने ऐकल्या दिवशीच मना केलं तर तो सुटतो, देव तिच्याकडे मागत नाही. आपल्याकडे हे लहान पोरालाही माहीत आहे. आणि या घरात मोठं कोण? राजाच्या कारकुनाला धान्य मी घालते. पाण्याच्या पाळीसाठी वडीलधाऱ्यांपुढे उभी राहून मी भांडते. तुमच्या आईला मूठमाती मी दिली. त्याच संध्याकाळी अहीकामकाकांना सांगितलं, ते म्हणाले, "बरं केलंस. सुटली पोर." कुणाच्याही मनात शंका आली नाही. तिरसाने सोडलेला सुस्कारा मी माझ्या कानांनी ऐकला. त्या जोरावर सोयरीक केली.

पुढच्याच महिन्यात, किस्लेवात, बाबेलहून नियमशास्त्राची नवी नक्कल आली. इतकी वर्षं आपलं बरंचसं पाठांतरावर भागत होतं. शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी अहीकामकाका गुंडाळी उघडून वाचत होते. एका जागी थांबले. खोकले. मग भलत्याच ठिकाणाहून पुढे वाचायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. शब्बाथ संपल्यावर ते आपल्या दारात उभे.

"हमूटल, जरा बसतो."

"बसा ना, काका. पाणी देऊ?"

"थांब. आधी बोलतो, मग द्यावंसं वाटलं तर दे." दाढी कुरवाळली. "तिरसाच्या नवसाला तू मना केलंस, ते धरत नाही."

"का नाही धरत?"

"बापाने करायचं असतं. लग्न झालेली असेल तर नवऱ्याने. तिसरं माणूस त्यात नाही."

"बाप इथे नाही."

"हो."

"बारा वर्षं नाही, काका. माझ्या हातचं धान्य राजा धरतो ना?"

"राजाला धान्याशी मतलब. हात कुणाचा, ते तो बघत नाही."

"आणि देव बघतो?"

भला माणूस आहे, मला त्यांना छळायचं नव्हतं. "मलाही वाटलं होतं चालेल," ते म्हणाले. "इतकी वर्षं हे घर तुझंच म्हणून बघत आलो. मनातच आलं नाही, की तू..."

"आणि ते मेले असते तर?"

"तर कुणालाच सोडवता आलं नसतं. तो जिवंत आहे, ही एकच वाट आहे. त्याने अजून ऐकलेलं नाही, हमूटल. नवस अजून ना बांधलेला ना सुटलेला. ज्या दिवशी त्याच्या कानावर जाईल, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याने मना केलं तर सुटला. तो दिवस त्याने गप्प बसून घालवला, तर कायमचा बांधला गेला. गप्प बसणं म्हणजे होकार."

मी हसले. काका दचकले. पण तुम्हीच सांगा, हसू नको तर काय करू? सगळ्या जगात देवाने हे काम कुणाकडे द्यावं!

काकांनी मग स्वतःच पाणी मागितलं.

तिरसा दाराआड होती. सकाळी उठून तिने कडं काढून माझ्या हातात दिलं. "बाबा माझ्यासाठी बोलले होते ते त्यांनी फेडलं," म्हणाली. "मी त्यांच्यासाठी बोलले ते बुडवू का?"

तुमचा तो नवस मला आठवतो. तापात तिचा घसा धरला होता, दोन वर्षांची असेल. तिच्याआधीचे दोघे तसेच गेले होते. तुम्ही अंगणात उभं राहून म्हणालात, ही जगली तर वर यरुशलेमला जाण्याची हाक येईल त्या दिवशी मी निघेन. न विचारता तुम्ही बोललेलं माझ्या आठवणीतलं ते एवढंच. ती जगली. पुढे हाक आली. तुम्ही निघालात. मी कालव्यापर्यंत आले होते, तिला कडेवर घेऊन.

बाईचा नवस बाप सोडवू शकतो, नवरा सोडवू शकतो. पुरुषाचा कुणीच नाही. नाहीतर मी तेव्हा मना केलंच असतं. शास्त्राशी माझं भांडण नाही, भांडायचं त्राण नाही. पण तुम्हा दोघांच्या नवसांनी एकच घर दोनदा रिकामं होतं आहे, आणि त्या घरात मी राहते.

अदार महिना

बासमथ आली होती. कडं नेऊन दोन महिने झाले तरी तिचं बोलणं संपलेलं नाही.

"आम्हाला सून हवी होती, देवाच्या दारावर उभी राहणारी नको होती," ती म्हणाली. "तुमच्या घरातलं एकेक माणूस देवाला शब्द देतं, आणि उपाशी राहायचं शेजाऱ्यांनी!"

"तू कधी राहिलीस उपाशी?" मी तिच्या अंगाकडे बघून विचारलं.

तिला हसू आलं. मग तिने पदराने डोळे पुसले. याशूब गप्प झाला आहे म्हणाली. झाडावर चढतो, काम करतो, उतरतो. "मला तर त्याच्या बडबडीचा वीट आला होता गं, हमूटल. आता खाली उभी राहून मीच बोलत बसते, तो वर आहे की पडला हे कळावं म्हणून." जाताना दारात थांबली. "पुढच्या हिवाळ्यात तांडा परत येईपर्यंत थांबते. त्यापुढे नाही. तो माझा शेवटचा आहे, मला त्याचं घर बघायचंय."

तेव्हा मुदतही ठरली.

तिरसाने तांड्याबरोबर जायचं ठरवलं आहे. अहीकामकाका म्हणाले, बापाच्या उत्तराची वाट बघ, घाई कशाला. ती म्हणाली, फेडायचं ते लांबवणं हेही पापच. सुरुवातीला मी लिहिलं की ती बरी आहे. ती बरी नाही. लग्नासाठी विणलेलं अंथरूण तिने उसवलं आणि त्या लोकरीच्या प्रवासाच्या पिशव्या विणल्या. मला दाखवल्या. चांगल्या झाल्या आहेत, मी म्हटलं.

मी तिच्याबरोबर का निघत नाही, असं तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते. ही जमीन राजाने सैनिक पुरवण्याच्या बोलीवर तुमच्या बापाला दिली. दार बंद दिसलं की कारकून ती दुसऱ्याला देईल. हे खरं कारण आहे. दुसरंही एक खरं कारण आहे. मला कुणी बोलावलेलं नाही.

परवा शब्बथय लोकर बघायला आला तेव्हा त्याने एक वाट काढली. शब्बथय, हेही वाचून दाखव, खोकून पुढे जाऊ नकोस.

"वहिनी, पोरीला इथेच थांबवा," तो म्हणाला. "आजाराचं निमित्त करा. मी जातो, रफायाकडे पाणी पितो, परत येतो आणि गावात सांगतो, त्याने ऐकल्या दिवशी मना केलं. कोण जाणार आहे विचारायला?"

"आणि देव?"

"देवाला खरं काय ते माहीतच आहे. त्याला मी कुठे काही सांगतोय? मी बासमथला सांगणार."

मी दोन दिवस त्याचा विचार केला. मी नाही म्हटलं, ते देवाच्या भीतीने म्हटलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पण मला दिसत होतं पुढे काय होईल. तिरसा शब्बथयला विचारेल, बाबा काय म्हणाले, नेमके कोणते शब्द? तो काहीतरी रचेल. मग ती माझ्याकडे येईल आणि विचारेल, आई, बाबा असे बोलतात का? आणि मला सांगता येणार नाही. तुमची चाल मला आठवते, वाकून जोडा बांधण्याची पद्धत आठवते. आवाज गेला आहे. कधी गेला तेही कळलं नाही.

अदार, शेवटचे दिवस

आज लिहिण्यासारखं एकच आहे, पण ते महत्त्वाचं आहे.

परवा अहीकामकाका जेवायला होते. मसुराची आमटी केली होती. जेवण झाल्यावर तिरसा भांडी राखेने घासत होती, पाठ आमच्याकडे. काका कालव्याच्या गाळाबद्दल काहीतरी सांगत होते. मधेच ती म्हणाली, मान न वळवता, "काका, बाबांनी मना केलं, तर देव माझ्यावर रागावेल का?"

काकांनी हातातला खजूर खाली ठेवला. "नाही, बाळ. बापाने मना केलं तर देव तुला क्षमा करतो. तसंच लिहिलं आहे."

"मी मनापासून बोलले असले तरी?"

"तरी."

ती घासत राहिली. ते भांडं स्वच्छ होऊन कितीतरी वेळ झाला होता.

"पण ते करणार नाहीत," ती म्हणाली.

काका माझ्याकडे बघायला लागले. मी उठून शेळीला पाला घालायला गेले.

इतके दिवस मला खात्री नव्हती. वाटायचं, पोरीला जायचं असेल आणि मी माझ्या एकटेपणासाठी तिला अडवते आहे. ते तर आहेच, मी लपवत नाही. या घरात सकाळी उठून कुणाशीच बोलायचं नाही, हे मला जमणार नाही. पण त्या दिवशी तिने विचारलं. एकदाच विचारलं, परत विचारणार नाही. तिला सुटायचं आहे. आणि सोडवणारा माणूस कोण आहे, हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे, न बघता.

तिला या पत्राबद्दल काही सांगितलेलं नाही.

निसान महिना, राजाचं विसावं वर्ष

वल्हांडण झालं. कोकरू बासमथच्या घराबरोबर मिळून केलं, दरवर्षीसारखं. याशूबने तिरसाला कडू भाजीची थाळी दिली आणि तिने घेतली, तेवढंच. तांडा उद्या निघतो. तिच्या पिशव्या दारात आहेत. ती विहिरीवर गेली आहे, आता येईल, म्हणून थोडक्यात लिहिते.

शब्बथयशी असं ठरलं आहे. शेवटच्या मुक्कामाला तो तिला तांड्यातल्या बायकांपाशी ठेवेल आणि एकटा पुढे येईल. सूर्य मावळून नवा दिवस लागला की मग तुमच्याकडे हे वाचेल, त्याआधी नाही. म्हणजे तुम्हाला सगळी रात्र मिळेल आणि पुढचा सबंध दिवस. तुम्हाला शब्द जमवायला वेळ लागतो, हे लक्षात ठेवून मी त्याला तसं सांगितलं. सकाळी ती तुमच्या दारात येईल. उंच झाली आहे, तुमच्या आईसारखी मान ताठ ठेवून चालते. ती स्वतःच तुम्हाला नवस सांगेल. हसत सांगेल. ते हसू तिने वाटेत बसवलेलं असेल, त्याच्यावर जाऊ नका.

तुम्ही काय विचार कराल ते मी इथे बसून सांगू शकते. तिथे माणसं कमी आहेत. वेशी जळाल्या आहेत. आपली मुलगी कालव्याकाठचं घरदार सोडून देवाच्या दाराशी आली, हा मान शहरात कुणाला मिळाला आहे? तुमचा पाय अधू, भाकरी भाजायला कुणी नाही. आणि बारा वर्षांनी लेक समोर उभी राहिल्यावर तिला आल्या दिवशी परत जा म्हणायचं. मी तुमच्या जागी असते तर माझ्याच्याने झालं नसतं. मी तिला धरून ठेवलं असतं आणि त्यालाच देवाची इच्छा म्हटलं असतं. तुम्ही तर देवाला दिलेला शब्द मोडू नये म्हणून भरलं घर सोडलंत. त्याच माणसाला मी सांगते आहे, पोरीचा शब्द मोडा.

शब्बथयने आज विचारलं, "करेल का तो, वहिनी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मी हे ओझं कशाला वाहतोय?"

"दर वर्षी वाहतोस तसंच."

ती येते आहे, घागरीचा आवाज आला.

तिला जेवू घाला. दिवसभर बघा तिच्याकडे, हवं तेवढं बघा, तो तुमचा हक्क आहे. पण सूर्य मावळायच्या आत तिला समोर बसवा आणि मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं म्हणा, की मी ऐकलं आणि मी मना करतो. त्यानंतर जन्मभर बोलला नाहीत तरी चालेल, मी पुन्हा पत्र पाठवणार नाही. त्या एका दिवशी मात्र बोला, आणि शब्बथयच्या तांड्याबरोबर माझी मुलगी मला परत पाठवा.